दहा जीबीची डिस्क

"मोठी डिस्क एकच उरली आहे, मॅडम. पुढची चेन्नईहून यायला महिना लागेल," दुकानदार सुब्रमण्यम तमिळमध्ये म्हणाला आणि वाजणारा फोन घ्यायला वळला.

१९९९ साल होतं; परदेशी लॅपटॉप आता तंजावुरातही मिळू लागले होते. विनुताने पसंत केलेल्यात चार जीबीची डिस्क होती; ती काढून दहाची बसवता येत होती. राजवाड्यामागच्या मराठी घरांनी फार आढेवेढे घेऊन आपले मोडी कागद दाखवायला होकार दिला होता. कॉलेजचा स्कॅनर तिच्याकडे महिनाभरच राहणार होता. जागा मध्येच संपली, तर उरलेले कागद परत ट्रंकेत, म्हणजे वाळवीच्या पोटात.

ती पुटपुटत हिशेब करू लागली. माणूस कुठलीही भाषा बोलो, आकडे घरच्याच भाषेत मोजतो.

"आपल्यातलीच काय तू, अम्मा?" शेजारून आवाज आला.

साठीचे एक गृहस्थ खुर्चीत बसून कॉफी पीत होते. ज्याला खुर्ची मिळते आणि वर कॉफीही, तो दुकानाचाच माणूस, हे विनुताने गृहीतच धरलं. त्यात बाजारात मराठी ऐकू आली! परमुलखात माहेरचं कुणी भेटावं तसं तिला झालं.

त्यांचं नाव भीमसेन. तिने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"अस्की, सगळी पानं रंगात उगे कशाला? काळ्या-पांढऱ्यात काढ. इतकुशा जागेत बसतात."

"शाई पुसट आहे, मामा. रंगात काढलं तरच वाचता येते."

"मग पुसट तेवढी रंगात काढ."

केवढी अक्कल! विनुता बघतच राहिली.

"तरी भरल्या गाडीला सूप जड नाही, मामा. मोठीच घेते."

"मोठी तापते, अम्मा. येथचे ऊन तुला ठाऊक नाही काय? अंथरूण पाहून पाय पसरावे."

असा विक्रेता तिने जन्मात पाहिला नव्हता. महागाची वस्तू गळ्यात मारायची सोडून हा भला माणूस ती घेऊ नको म्हणत होता. तिला अगदी भरून आलं.

सुब्रमण्यम फोन ठेवून आला. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. दोघांकडे पाहून तो नुसता हसला.

"मोठी बसवू, मॅडम?"

"नको. आहे तीच राहू दे."

निघताना ती भीमसेनांच्या पाया पडली. "तुम्ही भेटलात म्हणून, मामा. शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस."

"काम तडीस जाईल, अम्मा," त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला. लॅपटॉपचं खोकं त्यांनी स्वतः उचलून ऑटोत ठेवलं आणि ऑटो वळेपर्यंत ते पायरीवर उभे राहिले.

"तुमच्या नात्यातल्या का, सर?" ते आत येताच सुब्रमण्यमने विचारलं.

"आमच्यातलीच. फार गुणी पोरगी," भीमसेन तमिळमध्ये म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले. "हं, आता ती मोठी डिस्क माझ्या लॅपटॉपमध्ये बसवा."