विहिरीवरची बत्ती

उत्तमनं बैलगाडीची उभारी, कडेचा तो जाड दांडका, उपसली आणि धाकट्या भावाच्या डोक्यात घातली. भगवंता गुडघ्यांवर कोसळला, पण वार अडवायला हात काही वर केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

दोघांच्या मधे उत्तमची बायको अंजना पडली होती. आत्ताच दोघांनी मिळून तिला नव्या विहिरीतून दोरानं वर काढलं होतं. विहिरीला अजून पाणी नाही, कठडा नाही, तळाला नुसता काळा दगड. अंजनात जीव उरला नव्हता.

काठावर बांबूला कंदील टांगलेला होता. तो भगवंतानं लावला होता.

"काहून लावला बे? काहून?" दुसरा तडाखा खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला.

"कोनी पडू नये म्हून, दादा! तिकडं दर्यात खडकावर साहेबाचा बत्तीचा बुरूज हाये. तिथं दगड वाह्यले मी. बत्ती दिसली का जहाजं दुरूनच वळतात. बत्ती म्हंजे इकडं येऊ नोका!"

"अन् इथं? अनसिंगच्या बाजाराच्या दिवशी मळ्यात कंदील कायले लावतात बे? भाजी इकून येनाऱ्या बायाईनं सरळ उजेडाकडं यावं म्हून! अंजी तुह्याच कंदिलाकडं चालत आली!"

भगवंतानं कंदिलाकडं पाहिलं. दर्या पाहून आला आणि घरची रीत विसरला!

उत्तमनं त्याची गचांडी धरली आणि फरफटत काठाशी नेलं. "जाय आता तूबी!" भगवंताचं अर्धं अंग विहिरीवर लोंबकळलं.

तेवढ्यात बांधापलीकडून हसणं ऐकू आलं. शेजारची जिजाबाई, आणि तिच्यासोबत या दोघांची माय, प्रयागबाई. बाजारातून येताना अंजनाच्या मागं राहिलेल्या.

"तो पाहा कंदील, काकू! चाला झपझप, असंच सरळ."

उत्तमनं भावाला मागं ओढून टाकलं, उभारी उचलली आणि कंदिलावर हाणली. काच फुटली. मिट्ट अंधार झाला.

हसणं थांबलं.

"अवं, इजला का काय?" प्रयागबाईनं हाक दिली. "अंजे! कुठं हायेस? आवाज दे वं!"

माती तुडवत पावलं पुन्हा जवळ येऊ लागली.

"माय, थांब! तिथंच उभी राय!" दोघं भाऊ एकदम ओरडले.

पावलं थांबली. आता काठ कुठं संपतो ते या दोघांनाही दिसेना. उत्तमनं उभारी टाकली आणि अंधारात भावाचा हात चाचपू लागला.