चढणीवरचा प्रश्न

साठीतल्या विधुर योतामूनं ठरवलंच होतं, अतुसायेबाईंना आज लग्नाचं विचारायचं. गावात भिंतींनाही कान, म्हणून त्यानं मलावी सरोवरावरचा डोंगर निवडला. शाळेतून निवृत्त झालेल्या, त्याच्यासारख्याच एकट्या बाई झपाझप पुढे चालल्या होत्या. जन्म होडीत काढलेला योतामू मात्र दर वळणावर थांबून खाली बोट दाखवायचा.

"बाई, ती बघा माझी होडी!"

"तिसऱ्यांदा दाखवताय. दम लागला म्हणा की सरळ!"

माथ्यावर पोचल्यावर त्यानं सगळा धीर एकवटून तोंड उघडलं, पण बाहेर पडली ती नुसती धाप. बाईंनी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि शेजारच्या दगडावर टेकल्या.

"सावकाश घ्या. माझं उत्तर 'हो' आहे. प्रश्न उतरताना विचारा."