मागच्या सालची बातमी

"मग छाप की. कोन अडीवलंय तुला?" भगवानराव म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

राधाकिशनला वाटलं होतं, मालक दचकतील, निदान दोन गोष्टी तरी विचारतील. तो आत्ताच नेकनूरहून आला होता. तिथं वेशीजवळच्या आळीत तीन दिवसांत पाच माणसं पटकीनं गेली होती. सकाळी उलट्या लागायच्या आणि दिवस मावळायच्या आत माणूस संपायचा. मढी गुपचूप जाळत होते, कारण चार दिवसांवर बाजार आला होता आणि बाजाराच्या वसुलीचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेतलेल्या अर्जुनरावांना तो भरवायचाच होता. आसपासच्या वीस गावांची माणसं येणार, दिवसभर उन्हात बसणार आणि तिथल्याच बारवेचं पाणी पिणार.

"मोठ्या अक्षरात छाप," भगवानराव खुशीत होते. "बसंल अर्जुनराव बोंबलत."

या खुशीचं कारण राधाकिशनला पक्कं ठाऊक होतं. पूर्वी हा गुत्ता भगवानरावांकडेच होता. मागच्या साली हर्राशीत जास्त बोली लावून अर्जुनरावांनी तो पळवला, तेव्हा 'नेकनूरला पटकी' अशी बातमी भगवानरावांनी आपल्या आठवड्याच्या अखबारात छापायला लावली. पटकीचा तेव्हा पत्ताही नव्हता. राधाकिशन संपादक, त्याआधी पालीच्या शाळेत मास्तर. पापभीरू म्हणून चार गावांत नाव असलेला. आणि ती बातमी लिहिली त्यानंच. अगदी स्वतःच्या हातानं, कारण छापखाना शिळेचा होता. तो पिवळ्या कागदावर मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरायचा आणि दगडावरून त्याचंच वळणदार अक्षर गावोगाव जायचं. दोन बाजार ओस पडले. मग लोकांना खरं काय ते कळलं आणि त्या अक्षराची पत गेली.

"राव, आता आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही," तो म्हणाला. "मागची बातमी खोटी होती, एवढं एक वाक्य टाकू द्या. तरच ही खरी वाटेल. माणसं मरतील हो."

भगवानरावांचा हात थांबला. "आपला अखबार खोटं छापत न्हाई. परवाना कोनाच्या नावावर हाय, इसरलास का?"

राधाकिशन मान खाली घालून उठला. पाच वर्षं तो असाच उठत आला होता. आज मात्र त्याला स्वतःचीच किळस आली. छापखान्यात जाऊन त्यानं पिवळा कागद पुढं ओढला. अक्षर त्यानं जराही बिघडू दिलं नाही. सगळ्यांत वर त्यानं लिहिलं: 'मागील साली या पत्राने नेकनूरच्या पटकीची बातमी दिली ती साफ खोटी होती. मालकांच्या हुकुमाने ती मी लिहिली. आज लिहितो ती खरी आहे. नेकनूरला पटकीने पाच माणसे मेली. बाजारास कोणीही जाऊ नये.'

अंक गावोगाव गेल्यावर भगवानरावांच्या हाती पडला. त्यांनी राधाकिशनला शिव्या देऊन छापखान्यातून हाकललं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. कित्येक दिवसांनी तो पोटभर जेवला.

बाजाराच्या दिवशी सकाळीच तो पालीपर्यंत चालत गेला. नेकनूरकडे जाणारा रिकामा रस्ता त्याला एकदा डोळे भरून बघायचा होता.

रस्ता गाड्यांनी गच्च भरला होता.

"राम राम मास्तर," पालीच्या चंद्रभागाबाईनं आपली गाडी थांबवायला लावली. गाडीत वांग्यांच्या पाट्या होत्या, सून होती आणि सुनेच्या मांडीवर तान्ही नात. "लई उपकार झाले तुमचे. मागच्या साली तुमच्या बातमीपायी घरात बसले, समदं माळवं सडलं. औंदाबी पटकीची कुजबूज उठली, तर पुन्यांदा घाबरलो. मग चावडीत आश्रुबानं तुमचा अखबार वाचला. पटकीची बातमी साफ खोटी, मालकानं लिवाया लावली, आसं तुमीच लिवलंय म्हनला. लोकं आशी हसली, म्होरलं कुनी ऐकलंच न्हाई. मंग निघालो समदे."

राधाकिशननं जू धरलं. "ती मागची, बाई. मागची खोटी होती. या वेळी पटकी खरी आहे. मी माझ्या डोळ्यांनी मढी बघितली. माघारी फिरा. तुमच्या पाया पडतो, या लेकराला तिथं नेऊ नका."

आणि खरोखरच तो भर रस्त्यात गाडीपुढं लोटांगण घालून पडला. मागच्या गाड्या अडल्या. कोणीतरी ओरडलं. चंद्रभागाबाई घाईनं खाली उतरली. तिनं त्याला हाताला धरून उठवलं, कपड्यांवरची धूळ झटकली. मग चहूकडे नजर टाकून, धीर देत हलक्या आवाजात म्हणाली,

"समजलं मास्तर. मालकाचा मानूस आसंल हितंच कुठंतरी आडूशाला. तुमाला आसं बोलावंच लागतंय. तुमी बोला, आमी निघतो."