गुंड्याची शिकवणी

"हात ओढू नकोस," बाइंडर लेकीला म्हणाला. "ओढलास की त्याला वाटतं, उंदीर पळाला."

बोलताना त्याचा स्वतःचाच हात गुंड्याच्या तोंडात होता. करंगळीत दात रुतले होते. बाइंडर "अं हं!" म्हणाला आणि त्याने हात ढिला सोडला. गुंड्या थोडा वेळ लोंबकळला, मग कंटाळून त्याने करंगळी सोडली. बापलेक लगेच उठले, बाहेर गेले आणि दार लावून घेतलं. चावला की खेळ बंद. जनावरांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला होता तो एवढाच.

गुंड्या म्हणजे दोन-अडीच महिन्यांचं मांजराचं पिल्लू. बाइंडरला ते पुस्तकबांधणीच्या कारखान्यामागे कागदाच्या कातरणांत सापडलं. एक कान फाटलेला, जखम अजून ओली. आठ वर्षांच्या थोरलीला आवडेल म्हणून त्याने ते खिशात घालून घरी आणलं.

पण घरात चार महिन्यांचा धाकटाही होता. बायकोने पहिल्याच दिवशी निक्षून सांगितलं.

"नाचवा, डोक्यावर बसवा, काय हवं ते करा. पण तान्ह्या पोराच्या घरात चावरं जनावर मला नको. या रविवारपर्यंत त्याला सुधारा. त्यानंतर एकदा जरी कुणाला चावला, तर गेला. आणि पुन्हा या घरात मांजराचं नाव काढायचं नाही."

थोरलीने कंबर कसली. शाळेतून आली की दप्तर फेकायचं आणि गुंड्याची शिकवणी सुरू. काठीला चिंधी बांधून ती त्याच्यापुढे नाचवायची आणि मोठ्या बाईसारखं दटावायची, "हात नाही, चिंधी! किती वेळा सांगू?"

बाइंडरला हसू यायचं. त्याच्या बोटांची मात्र पार चाळण झाली होती. कारखान्यातले सोबती विचारायचे, "काय रे, पुस्तकं शिवतोस की बोटं?"

रविवार उलटला. सोमवार, मंगळवार गेला. कुणाची काही तक्रार नाही. आणि बुधवारी गुंड्या एकदम शांतच झाला.

आता तो कुणाच्या पायांवर झेप घेईना. चिंधी नाकासमोर नाचवली तरी नुसता बघत राहायचा. दिवसभर पाळण्याखालच्या अंधारात बसायचा. दुधाच्या वाटीत तोंड घालायचा, पण दूध तसंच राहायचं आणि हनुवटीवरून लाळेची तार लोंबायची.

"दात बदलत असतील," बायको म्हणाली. तिचा आवाज बराच मऊ झाला होता. "पण पोरीने जादू केली हो. मला वाटलं नव्हतं."

शुक्रवारी दुपारी बायको पाळण्याजवळ आली आणि दचकली. धाकट्याची मूठ पाळण्याच्या गजांतून बाहेर लोंबत होती आणि गुंड्या झोकांड्या खात त्या मुठीजवळ आला होता. त्याचा जबडा अर्धा उघडा होता. मूठ आणि ते दात यांत दोन बोटांचं अंतर. गुंड्याने क्षणभर मुठीकडे पाहिलं आणि तो पुन्हा अंधारात गेला.

"अहो, तोंडाशी बोटं होती, तरी चावला नाही!" संध्याकाळी तिने नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. "राहू दे त्याला."

थोरलीचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी सकाळी गुंड्या पाळण्याखाली मरून पडलेला सापडला.

बाइंडर डॉक्टरांकडे गेला तो चुकचुकतच. "इतका शहाणा झाला होता हो! शेवटचे तीन दिवस तर हूं की चूं नाही."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "लाळ गळत होती?"

"हो."

"तुम्हाला चावला होता?"

बाइंडरने बोटं पुढे केली.

"तो शहाणा झाला नव्हता. पिसाळला होता. काही जनावरं अशी गप्प होऊनच जातात," डॉक्टर म्हणाले. "आजच्या आज इस्पितळात जाऊन इंजेक्शनं सुरू करा. घरात ज्याला ज्याला दात लागला असेल, त्यालाही घेऊन जा. शंका असेल तरी घ्या. वेळेत घेतलं तर माणूस वाचतो. एकदा ताप, चावल्या जागी खाज अशी लक्षणं दिसली की संपलं."

घरी येऊन नवराबायकोने धाकट्याला उघडा करून दिव्याखाली धरला. मानेच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, सगळं पाहिलं. कुठे ओरखडासुद्धा नाही. बायकोने तर गुंड्याला कधी हातच लावला नव्हता.

थोरलीचे डोळे रडून रडून सुजले होते. त्या आजाराचं नाव तिच्यापुढे काढायला बाइंडरची जीभ रेटेना. त्याने तिचे तळवे, दंड उलटून पाहिले. ते स्वच्छ होते.

"तुला चावला होता का गं कधी? खरं सांग."

"नाही बाबा. माझं ऐकायचा तो."

आईने तिला छातीशी धरलं. "गुणी होतं गं बिचारं. रडू नकोस. आपण दुसरं आणू हं."

उगाच पोरीला कशाला टोचायचं, असं म्हणून बाइंडर एकटाच इस्पितळात गेला.

पुढे डॉक्टरांनीच तपासून दिलेलं एक पांढरं पिल्लू घरात आलं. चार आठवड्यांनी बाइंडर शेवटचं इंजेक्शन घेऊन, दंड चोळत, हलक्या मनाने घरी परतला. थोरलीला सकाळपासून कणकण होती म्हणून ती शाळेत गेली नव्हती. ती दाराकडे पाठ करून बसली होती. नवं पिल्लू तिच्या मांडीवर होतं आणि एका हाताने ती आपली टाच करकरा खाजवत होती. तिची शिकवणी ऐकायला बाइंडर दारातच हसत थांबला.

"अं हं! चावायचं नाही," ती पिल्लाला समजावत होती. "त्या मंगळवारी गुंड्या मला चावला, ते मी कुणाला सांगितलंच नाही, म्हणून तर आईने तुला आणू दिलं."