बेटाची आठवी फेरी

गाडीने बेटाला सात फेऱ्या मारल्याची थाप मी न्हाव्याच्या दुकानात बसून तीस वर्षं इतकी रंगवली, की यंदाच्या उन्हाळ्यात माझी साठीतली धाकटी बहीण कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन एकटीच तिकडे निघाली. त्या बेटावर माझा पाय कधी पडलाच नव्हता!

पंधरा दिवसांनी ती परतली आणि मला शोधत थेट दुकानात आली. न्हाव्याने माझ्या गालावरचा वस्तरा थांबवून तिला विचारलं, "मावशी, खरं सांगा. रस्ता बेटाला गोल फिरतो?"

मी डोळे गच्च मिटले.

"फिरतो की! दादाच्या सात झाल्या, माझी आठवी."

घरी आल्यावर तिने माझा कान पिळला. "लबाडा, रस्ता अर्ध्यातच संपतो! पुढे कडा, खाली समुद्र आणि गाडी वळवायला हातभर जागा नाही. चार किलोमीटर रिव्हर्समध्ये मागे आले मी!"

"अगं, मग एवढा पराक्रम दुकानात सांगायचा की!"

"आणि तुझं नाक कापलं गेलं असतं ते?"

मला राहवेना. दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन मी माझी थाप कबूल केली आणि तिचा पराक्रम तिखटमीठ न लावता सांगितला. जन्मात पहिल्यांदाच.

न्हाव्याने मान हलवली. "काय हे काका! सख्ख्या बहिणीने एक फेरी मारली, तीही बघवत नाही होय तुम्हाला?"