मांजराच्या ओळीतील अधिक

"काकाचं नाव पुसलंस, मेल्या? आणि तिथं उंदीर-मांजर लिहिलंस?" बुधाजीने आपल्या मुलाची, जगदीशची, मानगूट धरली.

नायगावच्या त्या चाळीत तळमजल्यावर बातम्यांचा फळा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात बुधाजीचा धाकटा भाऊ रामदास पडला. तेव्हापासून त्याची विधवा शेवंती प्रतिदिनी सकाळी ते नाव खडूने ताजे करीत असे. आज जगदीश तिच्या आधी पोहोचला. नावाच्या जागी आता कॉलेजातील गणिताच्या दोन ओळी होत्या. भोवती जमलेल्या गिरणी कामगारांचे नेत्र क्रोधाने आरक्त झाले होते.

"माणसं मरतायत आणि साहेब उंदीर मोजतायत," कोणीतरी म्हणाले.

इतक्यात शेवंती जिना उतरून आली. तिच्या हाती पितळी ताट होते. समोरच्या पोलीस लाइनीतील लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या बढतीचे पेढे काल त्यातून पाठविले होते. शेजारचे ताट रिकामे परतवू नये, या रीतीस अनुसरून शेवंतीने त्यात साखर घातली होती.

ती फळ्यापाशी थबकली. "ह्यांचं नाव कुठाय रे?"

"इथंच आहे, काकी." जगदीशने मान सोडवून घेतली व वरच्या ओळीतील वजा चिन्हावर बोट ठेविले. "ही उंदरांची ओळ. मांजराची गाठ पडली की उंदीर वजा."

"आणि खालची?"

"मांजरांची. वर जे वजा झालं, त्याच्यावरच इथं अधिक होतं. उंदीर नसले तर मांजर वाढत नाही."

शेवंतीने त्या अधिक चिन्हाकडे पाहिले. मग ताटाकडे पाहिले.

"लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याला बढती कशाबद्दल मिळाली?"

जगदीशने बापाकडे पाहिले. बुधाजीचा उगारलेला हात खाली आला.

"मोर्चाच्या बंदोबस्ताबद्दल," तो म्हणाला. "रोज नळावर त्यांचीच तोंडं बघायची. म्हणून तोंडातून अक्षर काढू नको, अशी मीच ह्याला शपथ घातली होती."

थोरल्या दिराशी आजवर थेट शब्द न बोललेल्या शेवंतीने साखर फळ्याखाली ओतली आणि ताट त्याच्या हाती दिले.

"भावोजी, तुम्हीच पोचवा. रिकामं."