अर्धा सूर खाली

गाणं संपलं आणि दोघांनीही वहिनींकडे पाहिलं. शाळेच्या संगीताच्या खोलीत, पहिलीच्या मुलांसाठी केलेल्या बुटक्या खुर्चीवर त्या गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. पाच वाजता शेजारच्या हॉलमध्ये त्यांच्या नवऱ्याची शोकसभा होती, आणि त्याच्या कॉलेजातल्या बँडमधले उरलेले दोघे तिथे त्याचं आवडतं गाणं वाजवणार होते.

"छान वाजवलंत," वहिनी म्हणाल्या. "पण ह्यांचं गाणं ते हे नव्हे."

मास्तरने ड्रमच्या काड्या मांडीवर ठेवल्या. तो ह्याच शाळेत शिकवायचा. गिटारवाला दातांचा डॉक्टर होता, पण दात्या हे नाव त्याला पदवीच्या कितीतरी आधी, पुढच्या दोन दातांमुळे पडलं होतं. गेला तो लंब्या.

"वहिनी, हेच ते," दात्या म्हणाला. आठ दिवस दवाखान्यातून लवकर निघून त्याने मूळ गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. मोबाइल समोर ठेवून तार न् तार सुरात लावली होती. चूक काढायला त्याने जागाच ठेवली नव्हती.

मास्तरने मोबाइलवर मूळ गाणं लावून दाखवलं. अर्धं जग ज्यावर नाचलं, ते गाणं वहिनींनी परक्या माणसाचं बोलणं ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे मी कधी ऐकलेलंच नाही. घरी ह्यांनी कधी लावलं नाही. ते नुसते म्हणायचे. दाढी करताना, मुलीला झोपवताना. मी तर इतकी वर्षं अंगाईच समजत होते."

आणि त्यांनी ते गुणगुणून दाखवलं.

दात्याने ते लगेच ओळखलं. चाल तीच होती, पण अर्ध्या सुराने खाली आणि पेंगुळलेली. हे गाणं असं फक्त तिघांनी ऐकलं होतं.

कॉलेजच्या दिवसांत लंब्याच्या घरच्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झाला होता. कॅसेट सावकाश फिरायची, सूर खाली यायचा, आणि दुसरीकडे कुठे ऐकायची सोय नसल्यामुळे तिघांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी तिच्यावरूनच गाणं उचललं, तिच्याशीच तारा जुळवल्या, आणि ते गाणं ज्यांचं, त्या जगप्रसिद्ध बँडमधल्या चौघांची चित्रं भिंतीवर डकवून त्यांना देव मानलं. कॉलेजांच्या स्पर्धेत समोर बसलेल्या पोरांना मात्र खरं गाणं पाठ होतं. आधी एक हसला, मग सगळा हॉल. "गाण्याला बरं वाटत नाहीये का?" परीक्षकांनी माइकवरून विचारलं. स्टेजच्या मागे दात्या सगळ्यांदेखत लंब्याला म्हणाला, "तुझ्या त्या डबड्याने माझं नाक कापलं. आता तोंड दाखवू नकोस." लंब्याने मान खाली घातली. एवढी लांब मान, ती फार खाली गेली.

घरी जाऊन दात्याने भिंतीवरची चित्रं फाडली. पुढे त्या चौघांच्या बँडचं नाव निघालं की 'नुसती बोंबाबोंब' म्हणून तो उडवून लावायचा. त्यांचं गाणं दुकानात लागलं तर हातातलं सामान ठेवून बाहेर पडायचा. पन्नाशीनंतर तो रागही विझला. गायक वारल्याची बातमी वाचून त्याने पेपरचं पान उलटलं आणि चहा मागितला.

चार वर्षांपूर्वी लंब्या त्याच्याकडे दाढ काढायला आला. इंजेक्शन घेतल्यावर तो काहीतरी सांगू लागला. "बोलू नका, बधिर केलंय," दात्या म्हणाला. मित्राला तो 'तुम्ही' म्हणाला होता. लंब्या काय सांगणार होता, ते दात्याने नंतरही विचारलं नाही. लंब्या गेल्याचा निरोप आल्यापासून आठ दिवस त्याला तेवढंच आठवत होतं.

दात्याने गिटार मांडीवर नीट घेतली आणि खुंट्या पिळत एकेक तार अर्ध्या सुराने उतरवायला सुरुवात केली. मोबाइलकडे त्याने पाहिलं नाही.

"दात्या, कॉलेजातले सगळे येणार आहेत," मास्तर हळूच म्हणाला. "स्पर्धेला होते तेसुद्धा. हसतील रे."

"हसू देत. तेव्हा मी त्याच्या बाजूला उभं राहायला हवं होतं." दात्याने पुढची तार उतरवली. "मीच त्याला सगळ्यांसमोर उभा चिरला, मास्तर. एका पट्ट्यापायी."

वहिनींना काही कळेना. त्या आळीपाळीने दोघांकडे बघत राहिल्या. लंब्याने घरी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

मास्तरने काड्या बाजूला ठेवल्या आणि बोटांनीच ड्रमवर ठेका धरला, सावकाश. आठ दिवस दात्याची बोटं अडखळत होती, ती आता न विचारता चालू लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली. वहिनींनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. शेवट कुठे करायचा ते ठरलं नव्हतं, म्हणून दात्याने वाजवता वाजवताच विचारलं,

"वहिनी, तो कुठवर म्हणायचा? मुलगी झोपेपर्यंत?"

वहिनींनी डोळे उघडले नाहीत.

"मुलगी कधीच झोपलेली असायची," त्या म्हणाल्या. "हे म्हणतच राहायचे."